तार गावाची

हुक्केरी तालुक्यातल्या घरात विजेचं बिल येतं, ते हेस्कॉमचं नसतं. निपाणीत, चिक्कोडीत, बेळगावात, खानापुरात, सगळीकडं हुबळीच्या सरकारी कंपनीचं बिल. मधल्या या एका तालुक्यात मात्र हुक्केरी ग्रामीण विद्युत सहकारी संघाचं. ज्यांच्या मुली संकेश्वरकडं दिल्यात त्यांना हे माहीत असतं, बाकीच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. दूध सोसायटीचं, साखर कारखाना सोसायटीचा, इथपर्यंत ठीक. पण वीज? खांब, तारा, डीपी, वायरमन, सगळं सोसायटीचं? हो, सगळं. वीज तेवढी हेस्कॉमकडून घाऊक विकत घ्यायची, दर राज्याच्या वीज नियामक आयोगानं ठरवून द्यायचा, आणि घराघरांत पोचवायचं काम संस्थेनं करायचं. १९६९ मध्ये ही संस्था झाली, आणि आजही चालू आहे.

इंटरनेटच्या तारेबद्दल लिहायला बसले आणि सुरुवात विजेच्या खांबापासून केली, त्याला कारण आहे. गावात येणारी तार कुणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न गेली काही वर्षं ‘भारतनेट’च्या निमित्तानं पुन्हा पुन्हा निघतो. दिल्लीत निघतो, वर्तमानपत्रांत निघतो. आपल्या भागानं तो एकदा सोडवून पाहिलाय. त्या अनुभवाकडं बघायला लांब जायला नको, निपाणीहून संकेश्वरची एसटी पकडली की झालं.

१९६९ च्या जुलैत केंद्र सरकारनं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं आणि देशात पाच ठिकाणी प्रयोग म्हणून विजेच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. आपल्याकडं हुक्केरी, महाराष्ट्रात श्रीरामपूरच्या बाजूची मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडिनार, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक. कल्पना अमेरिकेतून आलेली. तिथं १९३० च्या सुमाराला शहरांत लखलखाट होता आणि शेतावरच्या दहा घरांपैकी नऊ घरांत कंदील. खासगी वीज कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं: एवढ्या लांब तार ओढायची आणि गिऱ्हाईक किती, तर मैलाला दोन-तीन घरं. परवडत नाही. मग रूझवेल्टनं १९३५ मध्ये ग्रामीण विजेसाठी सरकारी खातं काढलं, आणि त्या खात्याच्या कर्जावर शेतकऱ्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढून तारा ओढल्या. पंधरा-वीस वर्षांत शेतावरचा अंधार बहुतेक संपला. त्याच संस्थांच्या महासंघाची माणसं पुढं आपल्याकडच्या पाच प्रयोगांना सल्ला द्यायला आली.

आता तो काळ आठवा. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि सीमाभाग पेटला. मोर्चे, हरताळ, तुरुंग. त्या गदारोळात मराठी-कानडी मिसळलेल्या एका तालुक्यातली माणसं एका संस्थेची सभासद होत होती, शेअरची पावती घेत होती. सीमालढ्याच्या पुस्तकांत याची नोंद मला कुठं भेटली नाही. तिथं मोर्चांची नोंद असते, मीटरची नसते.

बायकांच्या दृष्टीनं त्या तारेनं काय बदललं, हे सांगितलं पाहिजे. आपल्या घरांत जेवणं सूर्यास्ताआधी उरकायची, तेव्हा विजेच्या दिव्यानं स्वयंपाकाची वेळ काही पुढं गेली नाही. बदललं ते दळण. पहाटेचं जातं सुटलं, गिरणीत डबा ठेवून यायचं आणि संध्याकाळी न्यायचं. बदललं ते पाणी. विहिरीवर मोटर बसली, टाकी झाली, नळ आला. पाणी गाळायचं फडकं मात्र नळाच्या तोंडाला तसंच बांधलेलं राहिलं. एका तारेनं बाईच्या अंगावरचं किती ओझं उतरवलं त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. म्हणून ती तार कुणाची, हा प्रश्न पुरुषांनी चावडीवर बोलायचा आहे असं मला वाटत नाही.

सहकारी म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही. मुळा-प्रवरा ही पाचांतली नावाजलेली संस्था. तिच्याकडं महाराष्ट्राच्या वीज मंडळाची थकबाकी वाढत वाढत इतकी झाली की २०११ मध्ये तिचा परवाना संपल्यावर वितरणाचं काम महावितरणकडं गेलं. पुढाऱ्यांनी सभासदाकडून बिल मागायचं नाही, सभासदानं पुढाऱ्याला मत द्यायचं, असा व्यवहार कुठल्याही संस्थेला बुडवतो. सिरसिल्ल्याची संस्था मात्र टिकली, हुक्केरीची टिकली. २०२५ च्या सप्टेंबरात हुक्केरीच्या संचालक मंडळाची निवडणूक झाली तेव्हा जिल्ह्यातल्या बड्या राजकारणी घराण्यांनी ती आमदारकीसारखी लढवली. लोक हसले, विजेच्या सोसायटीसाठी एवढी धावपळ! मला त्यात दुसरंही दिसलं. ज्या खांबासाठी मत मागायला दारात यावं लागतं, त्या खांबाबद्दल दारातली बाई चार शब्द सुनावू शकते. हेस्कॉमच्या संचालकाला मी आजवर पाहिलेलं नाही.

आपल्या समाजाला ही रीत नवी नाही. १८९९ मध्ये इथल्याच स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा सुरू झाली आणि तिनं कोल्हापूर, सांगली, बेळगावला विद्यार्थ्यांची बोर्डिंगं काढली. ती बोर्डिंगं कुणा शेठजीच्या मालकीची नव्हती, आणि कुणाचीच नव्हती असंही नव्हतं. बस्तीच्या जमिनीचं तसंच असतं. पंच सांभाळतात, पण वर्षातून एकदा सगळ्यांसमोर हिशेब वाचावा लागतो, आणि वाचताना मागच्या रांगेतून कुणीतरी खोकतंच. ‘सार्वजनिक मालकी’ हा शब्द जड वाटतो. मला तो असा कळतो: हिशेब वाचायचा, आणि ज्याला खोकायचं असेल त्याला तिथं बसायला जागा असायची.

विजेनंतर दुसरी तार आली टेलिफोनची, आणि तिचाही पहिला धागा आपल्याच जिल्ह्यातला. कित्तूर म्हटलं की आपल्याला राणी चन्नम्मा आठवते, १८२४ ची लढाई आठवते. पण १९८६ च्या जुलैत त्याच कित्तुरात सी-डॉट या सरकारी संस्थेनं बनवलेलं पहिलं ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. सी-डॉट १९८४ मध्ये निघाली, सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं. परदेशी एक्स्चेंजला गार खोली लागायची, वातानुकूलन बंद पडलं की यंत्र बंद. खेड्यात कुठलं वातानुकूलन? तिथं पंखाच अर्धा दिवस फिरत नसे. तेव्हा या तरुण इंजिनिअरांनी उन्हात, धुळीत, बिनवातानुकूलित खोलीत चालेल असं १२८ लाइनचं छोटं यंत्र केलं. आधी गाव कसं असतं ते पाहिलं आणि मग यंत्र केलं, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. पुढच्या दहा वर्षांत पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथ गावोगाव झाली ती याच यंत्रांच्या जोरावर.

सीमाभागात मात्र या तारेला एक वेगळीच गाठ होती. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर, कोल्हापूर तासाभरावर. माहेर तिकडं, सासर इकडं, दवाखाना तिकडं, तंबाखूची वखार इकडं. पण फोनच्या हिशेबात आपण कर्नाटक सर्कलमध्ये. निपाणीचा कोड ०८३३८, कोल्हापूरचा ०२३१, आणि बोलायचं तर एसटीडी. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून झोपायच्या वेळेला बूथवर रांग. मोबाइल आले तेव्हा तर गंमतच. कोगनोळी ओलांडली की फोनवर निरोप यायचा, तुम्ही रोमिंगमध्ये आहात. आईच्या दारात उभं राहून आलेला फोन घ्यायचा तरी पैसे! अनेक घरांत दोन सिम असायची, एक कर्नाटकचं, एक महाराष्ट्राचं. २००६ मध्ये बीएसएनएलनं देशभर मिनिटाला एक रुपयाची योजना आणली तेव्हा थोडं हलकं झालं. २०१६ नंतर जिओच्या रेट्यात बाकीच्या कंपन्यांनीही रोमिंगचे पैसे काढून टाकले तेव्हा ती गाठ पुरती सुटली. जे सीमाप्रश्नाच्या निवेदनांनी झालं नाही ते कंपन्यांच्या चढाओढीनं झालं, हे कबूल केलं पाहिजे. स्पर्धा वाईट नसते. पण जिथं गिऱ्हाईक दाट, तिथंच ती असते.

कोल्हापूरच्या पलीकडं वारणानगरला १९९८ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवतालची सुमारे सत्तर गावं संगणकानं जोडायची. केंद्र सरकारचे पैसे, राज्याचे पैसे, आणि थोडा वाटा वारणेच्या सहकाराचा. गावागावांत संगणकाची केंद्रं निघाली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, सगळं तिथं मिळणार असं ठरलं होतं. प्रत्यक्षात शेतकरी एकाच गोष्टीसाठी तिथं गेला: आपला ऊस किती टन भरला आणि बिल किती निघालं. पुढं तेही काम मोबाइलवर साध्या एसएमएसनं होतं का, हे काही गावांत करून पाहिलं, आणि झालं. संगणक धूळ खात बसले म्हणून त्या प्रकल्पाला लोक नावं ठेवतात. मी ठेवत नाही. वजनकाट्यावरचा आकडा आपल्याला आपल्या गावात कळतो, ही शेतकऱ्याच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हे. आणि तेवढ्यापुरती ती तार टिकली, कारण कारखान्यालाही ती हवी होती आणि सभासदालाही.

आता आपल्या पायाखालची तार. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्रानं ठरवलं की देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची. केसासारखी काचेची तार, तिच्यातून उजेड पळतो आणि उजेडाबरोबर आपलं बोलणं, चित्रं, पैसे. २०१२ मध्ये त्यासाठी सरकारी कंपनी काढली, पुढं योजनेचं नाव भारतनेट झालं. २०१७ च्या अखेरीला पहिल्या टप्प्यातल्या एक लाखावर ग्रामपंचायती जोडल्याचं सरकारनं जाहीर केलं. २०२२ मध्ये ती कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करायचं ठरलं.

हा पैसा कुठून आला? आपल्या रिचार्जमधून. टेलिफोन कंपन्यांच्या महसुलाचा पाच टक्के भाग सरकार एका निधीत घेतं, खेड्यापाड्यांत सेवा पोचावी म्हणून. २००२ पासून तो निधी आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं त्याचं नाव डिजिटल भारत निधी केलं. म्हणजे बिडी वळणारी बाई जेव्हा दोनशे रुपयांचं रिचार्ज मारते, तेव्हा त्यातला थोडा भाग त्या काचेच्या तारेत जातो. शेअरची पावती तिला मिळालेली नाही, एवढाच हुक्केरीशी फरक. पैसे तिचे आहेतच.

आणि मग २०२१. सरकारनं ठरवलं की सोळा राज्यांत, त्यात आपलं कर्नाटकही, हे काम खासगी भागीदारांना द्यायचं. परवडत नाही म्हणतील, म्हणून सरकारतर्फे १९,०४१ कोटी रुपयांची मदतही जाहीर झाली. त्याच वर्षी सरकारी मालमत्तेतून पैसा उभा करायच्या यादीत भारतनेटची २.८६ लाख किलोमीटर फायबर धरलेली होती. निविदा निघाली. कुणीही आलं नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांनी नव्वद वर्षांपूर्वी मैलाला तीन घरं मोजली होती, इथंही तेच मोजलं गेलं. निविदा गुंडाळावी लागली, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. काम पुन्हा बीएसएनएलच्या हवाली. या वेळी त्यात दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे, ही नवी गोष्ट.

देखभाल! घर चालवणाऱ्या बाईला हा शब्द समजावून सांगायला नको. भांडी घेताना सगळे येतात, घासायला कोण? फायबर जमिनीत हात-दोन हात खोल. रस्ता रुंद करायला जेसीबी आला की तुटते, नळाच्या पाइपसाठी चर खणला की तुटते. तुटलेलं कळायला दोन दिवस, जोडणारी गाडी यायला आठवडा. पंचायतीच्या खोलीत भिंतीवर पेटी असते, तिला वीज लागते. बॅटरी संपलेली असली तर वीज गेली की तीही गेली. पंचायतीपासून पुढं शाळेत, दवाखान्यात, घरात कोण नेणार याचं उत्तर कितीतरी वर्षं कुणाजवळ नव्हतं. मग गावातलाच एखादा पोरगा बीएसएनएलशी करार करून कनेक्शनं द्यायला लागला, उत्पन्नात वाटेकरी म्हणून. असा पोरगा जिथं आहे तिथं नेट चालतं, कारण बंद पडलं की बायका त्याच्या आईला सांगतात.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या तारेची किंमत कळली. महावीर जयंती त्या वर्षी ६ एप्रिलला होती. मिरवणूक नाही, बस्तीत अभिषेकाला गर्दी नाही, प्रवचन फोनच्या पडद्यावर. आपण मोठ्यांनी ते निभावलं. पण सातवी-आठवीतली पोरं माळावरच्या टेकाडावर सिग्नल शोधत बसायची, आणि ज्या घरात एकच फोन, त्या घरात तो आधी भावाच्या हातात. बहीण नंतर. तारेचा विषय निघाला की मला ती नंतरची बहीण आठवते.

२०२३ च्या जुलैत गृहलक्ष्मीची नोंदणी सुरू झाली. घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार. ग्राम वनमध्ये आणि पंचायतीतल्या बापूजी सेवा केंद्रात पहाटेपासून रांगा. आधार आहे, रेशनकार्ड आहे, पासबुक आहे, आणि सर्व्हर डाऊन. शेतावरचा एक रोज बुडवून आलेली बाई दुपारी तशीच परत. वर्षभरानं पलीकडं कागलमध्ये लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाले, तिकडंही तेच. दोन सरकारं, दोन भाषा, दोन रकमा. पण पैसे बाईपर्यंत येतात ते एका तारेवरून, आणि ती तुटली तर योजनेच्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला कुठलाही पुढारी ती जोडायला येत नाही.

अमेरिकेतल्या त्या वीज सहकारी संस्थांचं पुढं काय झालं, हे सांगायचं राहिलं. त्यातल्या कितीतरी आता आपल्याच जुन्या खांबांवरून फायबर ओढून सभासदांना इंटरनेट देतात, कारण मोठ्या कंपन्यांना आजही मैलाला तीन घरं परवडत नाहीत. केरळनंही तीच वाट धरली. २०२३ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या के-फोनमध्ये तिथलं वीज मंडळ भागीदार आहे, फायबर विजेच्या खांबांवरून जाते, आणि गरीब घरांना जोडणी फुकट द्यायची असं ठरलेलं आहे. खांबावरची तार तुटली तर लोंबकळताना दिसते, लाइनमन रोज त्याच वाटेनं जातो. जमिनीतली तुटली तर कुणाला दिसते?

हुक्केरीच्या खांबांवरून असं काही होईल का, मी इंजिनिअर नाही. खांब आहेत, लाइनमन आहेत, सभासदांचं रजिस्टर आहे, बिल वसूल करायची सवय आहे. दरवर्षी सर्वसाधारण सभा होते. तिथं कुणी हा विषय काढायला हरकत नाही.

बाकीच्या गावांत ग्रामसभा आहे. नळाला पाणी का नाही, गटार का तुंबलं, घरकुलाच्या यादीत नाव का नाही, हे विचारायला आता बायका उठतात, पीडीओंच्या तोंडावर विचारतात. भिंतीवरच्या पेटीबद्दल कुणी विचारत नाही, ती ऑफिसची वस्तू वाटते. आमच्या ओळखीतल्या एका बाईनं मागच्या खेपेला विचारलं. शाळेला नेट पंचायतीतून का मिळत नाही, आणि ही पेटी दिवसाचे किती तास चालू असते? पुरुष हसले. पीडीओ कानडीत म्हणाले, अम्मा, ती पेटी आमची नाही, बीएसएनएलची आहे. तिनं मराठीत विचारलं, मग लाइटबिल कोण भरतंय? ते पंचायत भरत होती. ठरावाच्या वहीत पेटी पहिल्यांदा लिहिली गेली ती त्या दिवशी, गटाराच्या खाली आणि स्मशानशेडच्या वर.